उंदराच्या साच्यातला ससा

पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात मी डोळे काढायचो. मूर्तींचे. कारखाना काकांचा, आणि काकांचं माझ्याबद्दलचं मत स्पष्ट होतं: हात सोन्याचा, डोकं प्लास्टरचं. आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला, ते मला बसवत आणि बाकी कशालाही हात लावू देत नसत. त्यालाही कारण होतं. गावातल्या हौशी नाटकात मी एकदा ऋषी झालो होतो आणि दाढी पक्की बसावी म्हणून कारखान्यातला सरस गालांना फासला होता. नाटक संपलं, ऋषी संपला, दाढी काही संपेना. पुढचे काही दिवस मी दाढीसकट पेणच्या बाजारातून भाजी आणली. ओळखीचे लोक वाकून नमस्कार करायचे आणि पुढे जाऊन हसायचे.

एवढ्या भांडवलावर मला रोह्याच्या एका बालमंदिरातून नाच, गाणी आणि नाटक शिकवायला बोलावणं आलं. तिथल्या बाईंना कुणीतरी सांगितलं होतं की पेणला एक नट आहे आणि तो बराचसा रिकामा असतो. यातलं दुसरं खरं होतं. गणपती उठले की कारखान्यात काम मंदावायचं, मग काकाच म्हणाले, "जा. तिकडची पोरं लहान आहेत, त्यांना कळायचं नाही."

नागोठणं, खांब, कोलाड असा वळसा घालणाऱ्या एसटीनं मी रोह्याला जायचो. बालमंदिर पोह्याच्या गिरणीला लागून होतं. दिवसभर गिरणीची धडधड चाले आणि भाजलेल्या भाताचा वास मुलांच्या केसांतसुद्धा बसलेला असे. बाई मॉन्टेसरीचं शिक्षण घेतलेल्या, उंच, आणि इतक्या हळू बोलणाऱ्या की समोरच्याला आपोआप वाकावं लागे. मला वाटलं होतं, बालमंदिर म्हणजे आरडाओरडा. आत गेलो तर प्रत्येक मूल आपापली चटई पसरून तिच्यावर काहीतरी करत बसलेलं. एक गुलाबी ठोकळ्यांचा मनोरा रचत होतं, एक या भांड्यातलं पाणी त्या भांड्यात ओतत होतं. कुणी माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. नटाला याहून मोठा अपमान नसतो. मी खाकरलो, छाती फुगवली आणि राक्षसाचं गडगडाटी हास्य करत खोलीच्या मधोमध उडी मारली. उडी एका चटईवर पडली. मनोरा कोसळला.

मनोरा रचणारी मुलगी रडली नाही. तिनं माझ्या पायाकडे पाहिलं, मग बाईंकडे. बाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "तिचं काम चाललंय. मध्ये बोलायचं नाही, आणि चटईवर पाय तर नाहीच नाही."

"मी नाटक शिकवायला आलोय, बाई."

"शिकवा ना. ती उठली की."

ती उठेपर्यंत मी दाराशी चपला सांभाळत बसलो.

ही गोष्ट त्या मुलीची. पाच वर्षांची, मोहल्ल्यातली, केसांच्या दोन घट्ट वेण्या. तिला सोडायला आणि न्यायला तिची दादी यायची. बाप कुवेतला. तो गेला तेव्हा ही पाळण्यात होती. तिच्यासाठी बाप म्हणजे घरातला टेपरेकॉर्डर. दर काही महिन्यांनी गावच्या कुणा येणाऱ्याबरोबर कॅसेट यायची आणि रोज संध्याकाळी ही त्याला कान लावून बसायची. "कान लावल्याबिगर आयकू येत नाय," दादी सांगायची. "लय हळू बोलतो. तिकडं कुवेतला खोलीत बाकीची पोरं शिफ्ट करून निजल्येली असतात ना. ही टेपापुढं बिस्कूट ठेवते. म्हणते, अब्बा आत हाय."

मी यावर खूप हसलो होतो. दादीही हसली होती. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग त्या वर्षी बाप सुट्टीवर आला.

एका सकाळी बालमंदिराच्या खिडकीबाहेर एक माणूस उभा दिसला. पांढरा स्वच्छ शर्ट, दाट मिशी, अत्तराचा वास खिडकीतून आत येण्याइतका. गजांना धरून तो आत पाहत होता. मुलगी मात्र त्याच्याकडे पाठ करून मणी ओवत होती. मधल्या सुट्टीत तो मला म्हणाला, "तुमी नाटकवाले मास्तर ना?"

"हो, हो." कुणी मला नाटकवाला म्हटलं की माझी मान आपोआप ताठ होई.

"माझी पोर माझ्याकडं येत नाय, मास्तर. खेळणी आणली, फ्राक आणला, चाकलेटं आणली. मी घरात शिरलो का ही दादीच्या पाठीमागं. हाक मारली का कानावर हात. काल म्हणते, तुमी नाय. अब्बा टेपात हाय." तो हसायला गेला आणि मध्येच थांबला. "सुट्टी संपत आली माझी. परत कधी सोडतील त्याचा काय भरवसा नाय. जायच्या आधी एक डाव ती आपल्या पायानं माझ्याकडं यावी. तुमी येवढ्या पोरांना चालाया-बोलाया शिकवता. येवढं शिकवा."

शहाण्या माणसानं म्हटलं असतं, हे शिकवण्यातलं नाही. मी म्हटलं, "त्यात काय! संमेलनातच करून टाकू."

बालमंदिराचं छोटंसं संमेलन व्हायचं होतं, आणि नेमका त्याच दिवशी दुपारी त्याला निघायचं होतं. मी एसटीत बसल्या बसल्या नाटुकलं रचलं. जंगलात एक ससा हरवतो. तो हत्तीला विचारतो, वाघाला विचारतो, कासवाला विचारतो. शेवटी त्याला बाप सापडतो आणि तो धावत जाऊन त्याच्या मांडीवर बसतो. ससा म्हणजे ती. बाप म्हणजे पहिल्या रांगेतल्या खुर्चीवरचा तिचा खराखुरा बाप. कोलाडच्या थांब्यावर मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की मी दोन वडे जास्त खाल्ले.

बाईंना पटलं नव्हतं. "मुलाला ढकलून कुठं पोचवता येत नाही," त्या म्हणाल्या. "ते आपण निघालं तरच पोचतं."

"बाई, तालीम नावाची गोष्ट असते."

"असेल. तुमच्या मूर्तींना उपयोगी पडत असेल."

तालीम मी जोरात केली. बापाच्या जागी खुर्चीवर बसायला कुणी हवं म्हणून मीच बसलो. पहिल्यांदा ती आली नाही. मग मी कान हलवून दाखवले, सशासारखे दात काढले, मांडीवर थापट्या मारल्या. दुसऱ्या दिवशी ती अर्ध्यापर्यंत आली. तिसऱ्या तालमीला ती खिदळत धावत आली आणि थेट माझ्या मांडीवर चढून बसली. माझ्या गालाला गाल लावला. मी विजयी मुद्रेनं आजूबाजूला पाहिलं, तर खिडकीत तो उभा.

मी काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून बोललो, "बघा! जमलं की नाही?"

"जमलं," तो म्हणाला. "तुमच्याकडं येते."

खिडकीपासून तो निघून गेला तरी अत्तराचा वास बराच वेळ राहिला. मुलगी माझ्या मांडीवर पाय हलवत बसली होती. 

त्या संध्याकाळी पेणला परतताना माझ्या डोक्यानं यावर उपाय काढला. तिला ढळढळीत माणूस दिसतो म्हणून ती बिचकते. नाटकातला बाप दिसला तर बिचकणार नाही. तेव्हा मुखवटे करायचे. सगळ्या मुलांना मुखवटे, आणि बापालाही सशाचा मुखवटा. दोन ससे समोरासमोर येतील, मिशी दिसणारच नाही. कल्पना वाईट नव्हती. माझ्या कल्पना वाईट नसतातच. त्या पार पाडायला मी येतो, तिथे बिघडतं.

कारखान्यात वाघाचा साचा नव्हता, हत्तीचा म्हणजे गणपतीचाच होता आणि त्याला काकांनी हात लावू दिला नसता. एका मंडळाच्या मोठ्या मूर्तीसाठी केलेला उंदराचा साचा मात्र पडून होता. त्यात मी कागदाचा लगदा दाबून एकामागून एक चेहरे काढले. कानांची लांबी बदलली, रंग बदलले. तरी वाघ उंदराचा मेहुणा दिसत होता आणि कासव उंदराचं आजारी भावंड. काका येऊन पाहून गेले आणि म्हणाले, "जंगलात सगळे एकाच घरातले दिसतात."

पण डोळे! डोळे मी असे काढले की वर्षभरात एकाही मूर्तीला तसे काढले नसतील. सशाचे तर फारच उतरले. मोठे, पाणीदार, खालच्या कडेला किंचित लाल, कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे. शेवटचा बापाचा मुखवटा करेपर्यंत लगदा संपला, तेव्हा बापाला मुखवट्याशिवाय चालवून घेऊ असं मी ठरवलं. म्हणजे ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेवढंच राहिलं. रंग वाळायला संमेलनाचा दिवस उजाडला. खोक्यात भरलेले मुखवटे मांडीवर घेऊन मी पहिली एसटी पकडली.

रविवार होता, गिरणी बंद होती. खोलीत सतरंज्या, मागच्या बाजूला खुर्च्या, आया-बाप, आज्या. पहिल्या रांगेत तो. बाहेर रस्त्यावर अँबॅसेडर टॅक्सी उभी, टपावर दोरीनं बांधलेली मोठी बॅग. तो मला फक्त म्हणाला, "मास्तर, आज येईल ना?" मी म्हटलं, "येईल." दुसरं काय म्हणणार.

आतल्या खोलीत मी मुलांना मुखवटे चढवले.  मग हत्तीच्या आतून आवाज आला, "मास्तर, रात्र झाली."

"गप. रात्र कसली?"

"माझ्यात पण झाली," कासव म्हणालं.

वाघ चालायला लागला आणि भिंतीवर आपटला. बालमंदिरातल्या शिस्तीप्रमाणे तो भिंतीला म्हणाला, "माफ करा हं."

तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं. मी डोळे काढले होते. भोकं पाडली नव्हती. तोंडाशी श्वासाला जागा ठेवली होती, बोलायला ठेवली होती. बघायला ठेवली नव्हती. जन्मभर मी ज्यांचे डोळे काढले त्यांना त्यातून कधी बघावं लागलं नव्हतं.

बाई आल्या. त्यांनी सशाचा मुखवटा हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "सुंदर," त्या म्हणाल्या. "आणि मुलांना दिसणार कुठून?"

मी खिशातलं पातं काढलं. आमच्या कारखान्यात डोळे काढले की मूर्तीला पातं लावत नाहीत. साधी सवय, पण ती हातात बसलेली. सशाच्या बुबुळावर टोक टेकवलं आणि हात पुढे जाईना. बाईंनी माझ्या हातातून पातं घेतलं, दाबलं, तर ते टचकन मोडलं. सरस मी भरपूर घातला होता. सरसाच्या बाबतीत मी कधीच काटकसर केली नाही.

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला.

"काढून टाकू मुखवटे," मी म्हणालो. एवढ्यात त्या मुलीनं बाईंच्या हातातून ससा घेतला आणि आपणच डोक्यावर चढवला. तिला अंधाराची अडचण वाटत नव्हती. बाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "राहू देत. आपण शांततेचा खेळ करू."

हा खेळ त्यांच्याकडे रोज व्हायचा. मुलं डोळे मिटून बसत, अजिबात आवाज नाही. बाई पलीकडच्या खोलीच्या दारातून एकेका मुलाचं नाव कुजबुजत. ज्याचं नाव ऐकू येईल त्यानं उठायचं आणि आवाज न करता तिथवर जायचं. मला तो खेळ कंटाळवाणा वाटे, कारण त्यात नटाला काही काम नसे.

बाईंनी मुलांना ओळीनं आणून बसवलं आणि पालकांना सांगितलं, "आज नाव मी घेणार नाही. तुम्ही घ्यायचं. जागेवरून, एकेकानं, आणि अगदी हळू. जोरात हाक मारली तर मूल येणार नाही." लोक हसले. मग एका आईनं कुजबुजून पाहिलं आणि हत्ती उठला. दोन्ही हात पुढे धरून, पाय चाचपत, कुणालाही न धडकता तो तिच्यापर्यंत आला आणि लोक हसायचे थांबले. वाघ आला. कासव आलं. रविवारच्या त्या शांततेत सतरंजीवर घासणारी पावलं ऐकू येत होती.

आता ससा राहिला.

बापाच्या तोंडून शब्द निघेना.  दादीनं कोपरानं ढोसलं. "बोल रे. गाडी खोळंबलीय."

तो खुर्चीवरून उतरून सतरंजीवर बसला. तोंडाशी हाताचा पंजा असा धरला की जणू त्यात काही धरलं आहे, आणि खोलीत कुणी झोपलेलं असावं तसं बोलला. "आयकतेस ना गो? मी बोलतोय. जेवलीस?"

पुढे त्यानं तिचं घरातलं लाडाचं नाव घेतलं.

मुखवट्याचे लांब कान किंचित वळले. ती उठली. हात पुढे न करताच आली, सरळ, रोजच्या रस्त्यानं यावं तशी. त्याच्यापाशी पोचल्यावर तिनं मुखवट्याची कानाकडची बाजू त्याच्या तोंडाला टेकवली आणि तशीच उभी राहिली.

तो बोलत राहिला. तिकडे उन्हाळा लय हाय. मी बरा हाय. दादीला त्रास देऊ नको. कॅसेटमधलंच सगळं असणार, कारण दादी तोंडावर पदर धरून त्याच्या आधीच ओठ हलवत होती. मुलगी त्याच्या मांडीवर बसली. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला, आधी बोटं, मग तळवा.

इथं मी टाळ्या वाजवायला हात वर केले होते. बाईंनी माझं मनगट धरलं.

मग त्याला राहवलं नाही. कुणाला राहवलं असतं? त्यानं हळूच तिच्या चेहऱ्यावरून मुखवटा वर केला.

तिनं त्याला पाहिलं. मिशी, शर्ट, तोच अत्तराचा माणूस. ती अशी किंचाळली की कासवही रडायला लागलं. दादीकडे झेपावण्यासाठी ती लाथा झाडू लागली, "अब्बा कुठाय? अब्बा कुठाय?" आणि तो तिला धरून "मीच, मीच" म्हणत होता. आता मोठ्यानं. जितकं मोठ्यानं म्हणत होता तितकी ती कानावर हात दाबत होती.

टॅक्सीवाला दारात येऊन उभा राहिला.

त्या माणसानं ओरडणं थांबवलं. पडलेला मुखवटा उचलला, शर्टाच्या बाहीनं त्यावरची धूळ पुसली, आणि स्वतःच्या हातानं तिच्या चेहऱ्यावर पुन्हा चढवला. दोरी कानामागे नीट केली. केस अडकले होते ते सोडवले. मग पंजा तोंडाशी धरून म्हणाला, "आयकतेस ना गो?"

तिचे हुंदके हळूहळू बसले. मुखवटा त्याच्या छातीवर टेकला. सशाचे दोन मोठे डोळे त्याच्या खांद्यावरून आम्हा सगळ्यांकडे बघत होते, आणि मी काढलेल्या त्या डोळ्यांकडे मला पाहवेना.

तसाच तिला घेऊन तो टॅक्सीपर्यंत गेला. दार उघडं ठेवून, एक पाय आत आणि एक बाहेर, बोलत राहिला. शेवटी दादीनं तिला त्याच्याकडून घेतलं. मला तो म्हणाला, "डोळे चांगले काढलेत मास्तर." टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता; ते मला येतं.

टॅक्सी कोलाडच्या रस्त्याला लागली. मुलगी मुखवट्यातून म्हणाली, "बोल ना."

 मी नकला करणारा माणूस. एकदा ऐकलेला आवाज मला सहज काढता येतो, आणि तो आवाज माझ्या घशापर्यंत आला होता. दादीनं माझ्याकडे पाहिलं. तिला ते कळलं असावं. तिनं मान हलवली, नाही अशी. मी तो गिळला.

पुढच्या खेपेला मी कारखान्यातलं गिरमिट घेऊन रोह्याला गेलो आणि सगळ्या मुखवट्यांना भोकं पाडली. वाघ, हत्ती, कासव, सगळे बघायला लागले. ससा शेवटी ठेवला होता. घ्यायला फळीकडे वळलो तर तो जागेवर नव्हता.

खिडकीजवळ ती आपली चटई पसरून बसली होती. मुखवटा चढवलेला, हात मांडीवर, मान एका बाजूला कललेली. पलीकडे गिरणीची धडधड चालू होती. त्यात ती काय ऐकायचा प्रयत्न करत होती, मला ठाऊक होतं. मी गिरमिट घेऊन पुढे झालो. निदान मुखवटा काढावा, तिला काहीतरी हसवावं, राक्षस व्हावं, काहीही.

बाई माझ्या आणि चटईच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"तिचं काम चाललंय," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा दाराशी जाऊन चपलांजवळ बसलो.